निळी टमाटी

योगिनी पिंगळेकडे सवडीने असा कुणी कधी आलाच नाही. येणाऱ्याचं भाषण, सेमिनार किंवा साहेबांपुढची मीटिंग दुसऱ्या दिवशी अकराला असायची, आणि तो आदल्या दिवशी दुपारी त्र्यंबक नाक्याजवळच्या महेशदादांच्या टायपिंगच्या दुकानात पेन ड्राइव्ह नाचवत शिरायचा. सगळं तयार आहे, फक्त जरा नीट दिसलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. योगिनी फाइल उघडायची तर आत जत्रा भरलेली. एक फोटो मोबाइलवर काढलेला, पिवळट. दुसरा इंटरनेटवरून उतरवलेला, निळाशार. तिसरं चित्र कुठल्याशा पुस्तकातलं, जांभळ्या कडांचं. चार पाहुणे चार दिशांनी आले आहेत आणि कुणाचीच कुणाशी ओळख नाही, असं त्या स्लाइडकडे बघून वाटायचं.

मग ती कामाला लागायची. चित्रावर क्लिक करायचं, रंगाची यादी उघडायची, की खाली त्याच चित्राच्या छोट्या छोट्या चौकटींची रांग दिसते. एक राखाडी, एक तपकिरी, एक निळी, एक नारिंगी. ज्या चौकटीवर माऊस न्यावा त्या रंगात वरचं मोठं चित्र तेवढ्यापुरतं न्हाऊन निघतं. हे कुणालाही येतं. पण कोणत्या चित्राला किती रंग चढवायचा आणि कुठे हात थांबवायचा, ते योगिनीला कळायचं. अर्ध्या तासात ते चार पाहुणे एका घरातले वाटायला लागायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, काय केलंत कळत नाही, पण आता बरं दिसतंय. योगिनीला हे "कळत नाही" फार आवडायचं.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मखमलाबादला तिच्या माहेरी फुलशेती होती. झेंडू आणि शेवंती बाजारात जायच्या आधी ढिगाऱ्यापाशी बसून रंगाप्रमाणे वेगळी करायची, हे लहानपणी तिचं काम. सकाळी तोडलेली शेवंती आणि आदल्या संध्याकाळी तोडलेली शेवंती यांतला फरक ती रंगावरून सांगायची आणि वडील बाकीच्यांना बोलावून तो खेळ दाखवायचे. पुढे कॉलेज झालं, कॉम्प्युटरचा कोर्स झाला, लग्न होऊन ती नाशकातच राहिली, आणि लग्नपत्रिकांचं टायपिंग करता करता बारा वर्षांत तिचं नाव झालं ते पीपीटीसाठी.

एकदा मात्र तिच्या हातून गंमत झाली होती. एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी परिषदेसाठी पीपीटी करायला दिली. त्यात काही चित्रं होती नुसत्या ठिपक्यांची. लाल, हिरवे, तपकिरी ठिपके, गोल थाळीत वाटाणे पसरावेत तसे. बाकीच्या सगळ्या स्लाइड मोरपंखी रंगात होत्या आणि ही चित्रं डोळ्यांत खुपत होती, म्हणून योगिनीने तीही छान मोरपंखी करून टाकली. डॉक्टर बघायला आले, खुर्चीत बसले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. त्या ठिपक्यांत आकडे लपलेले होते. ज्याला रंग ओळखता येतात त्याला आकडा दिसतो, ज्याला येत नाहीत त्याला दिसत नाही, अशी ती तपासणी. योगिनीने सगळे ठिपके एका रंगाचे केल्यामुळे आकडा कुणालाच दिसेना. "या स्लाइडपुढे आता आपण सगळे सारखे," डॉक्टर म्हणाले. योगिनी ओशाळली, चित्रं पूर्ववत करून दिली. महेशदादांनी मात्र ही गोष्ट पुढे सहा महिने येईल त्याला सांगितली.

नंतरच्या सप्टेंबरात स्नेहल आली. ही कृषी पदवीधर मुलगी, शेतकऱ्यांच्या एका गटासाठी गिरणारेच्या बाजूला गावोगाव जाऊन प्रशिक्षण द्यायची. त्या भागात टोमॅटोचं पीक मोठं. लांबच्या बाजारात पाठवायचा माल किती पिकल्यावर तोडायचा, हा तिचा विषय. फार हिरवा तोडला तर तो पिकतच नाही, फार लाल तोडला तर वाटेतच पाणी सुटतं. तिने शेतात फिरून हिरव्यापासून लालभडकपर्यंत सहा टप्प्यांच्या फळांचे फोटो काढले होते. एक सकाळच्या उन्हातला, एक शेडनेटच्या सावलीतला, एक कुणाच्या तरी तळहातावरचा.

योगिनीने या कामावर दोन दिवस घालवले. सहाही फळं मागच्या पसाऱ्यातून कापून वेगळी काढली, एकाच पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवली, उजेड सारखा केला, आणि हिरव्यातून लालाकडे जाणारा रंग एकेका पायरीने चढवला. पुरी झालेली स्लाइड तिने महेशदादांना दाखवली, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दाखवली, आणि घरी नवऱ्याला दाखवायला मोबाइलवर फोटो काढून नेला. बारा वर्षांत आपली एकही स्लाइड भरल्या सभेत भिंतीवर पडलेली आपण पाहिलेली नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने स्नेहलला विचारलं, मी येऊ का बरोबर? स्नेहलला लॅपटॉपपाशी कुणीतरी हवंच होतं.

गिरणारेच्या पुढे एका गावात, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात बैठक होती. उघड्या बाजूंना ताडपत्री बांधून अंधार केला होता. चाळीसेक माणसं, मागच्या अंगाला बायका. योगिनी कोपऱ्यात लॅपटॉपपाशी बसली. सहा टमाटी भिंतीवर उमटली तेव्हा सभेतून बारीकसा हुंकार आला आणि ती मनातून सुखावली.

स्नेहलने विचारलं, यातलं कोणतं फळ तोडाल? ज्याला जे वाटतं त्या आकड्याला हात वर करा. हात वर होऊ लागले. मधल्या रांगेत खांबाला टेकून एक पंचावन्नच्या घरातले गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, दाट मिश्या, अंगाने कामाचा माणूस. ते भिंतीकडे बघत नव्हते. डाव्या उजव्या शेजाऱ्यांचे हात बघून मग आपला हात वर करत होते. योगिनीने ते पाहिलं. स्नेहलनेही पाहिलं असावं, कारण तिने त्यांनाच विचारलं, काका, तुम्ही तीन नंबर का म्हणालात?

काकांनी खांबाची टेक सोडली. मग म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का? तुमची साही टमाटी एकाच रंगाची हायेत."

सभामंडप हसला. कुणीतरी म्हणालं, निवृत्तीनानांची झोप अजून उतरली नाय. बायकांमधून आवाज आला की यांनी आयुष्यात कधी टमाटं तोडलं असेल तर कळेल ना. तो आवाज त्यांच्याच बायकोचा, लंकाबाईंचा होता, हे योगिनीला नंतर समजलं. निवृत्तीनानाही इतरांबरोबर हसले आणि टोपी जरा पुढे ओढून बसले.

योगिनी मात्र हसली नाही. तिला ते लागलं. दोन दिवस खपून चढवलेला रंग, आणि माणूस म्हणतो सगळं एकसारखं. प्रोजेक्टर जुना आहे, त्यात काहीतरी बिघाड असणार, अशी तिने मनाची समजूत घातली. पण भिंतीकडे बघावं तर तिला सहाही रंग लख्ख दिसत होते.

चहासाठी बैठक थांबली तशी ती पेला हातात घेऊन खांबापाशी गेली. निवृत्तीनाना उठायच्या बेतात होते. तिने त्यांना लॅपटॉपपाशी बोलावलं. नाना, भिंतीवर नीट दिसत नसेल, इथे बघा, म्हणाली. ते आढेवेढे घेत आले, वाकून बघितलं आणि मान हलवली. पहिलं आणि शेवटचं थोडं उजळ-काळं आहे म्हणाले, मधली चार एकसारखीच. योगिनीने रंग गडद केले. काही फरक नाही. अजून गडद केले, लाल फळ अगदी कुंकवासारखं झालं. नाना म्हणाले, तुम्ही उगीच तरास घेताय.

तिने सगळं पूर्ववत करायला तिसऱ्या फळावर क्लिक केलं आणि रंगाची यादी उघडली. माऊस त्या चौकटींच्या रांगेवरून सरकत होता, तशी फळाची छटा बदलत होती. राखाडी. तपकिरी. निळी.

"थांबा, ताई," नाना म्हणाले. "ह्ये येगळं हाय."

योगिनीचा हात थांबला. स्क्रीनवर पाच टमाटी लाल-हिरवी आणि एक निळं होतं. नाना त्या निळ्यावर बोट ठेवून उभे होते. तिने चौथं फळ नारिंगी केलं. ह्ये बी येगळं, नाना लगेच म्हणाले, ह्ये त्या पयल्यापरीस उजळ. त्याच क्षणी योगिनीला डॉक्टरांची ती ठिपक्यांची चित्रं आठवली आणि सगळं एकदम उलगडलं.

तिने हळू आवाजात विचारलं, नाना, झाडावरचं लाल फळ तुम्हाला पानांतून वेगळं दिसतं का? नानांनी आधी मागे वळून बघितलं. लंकाबाई दूर बायकांत बसल्या होत्या. मग ते तिथेच एका पायरीवर टेकले आणि बोलू लागले. शाळेत असताना त्यांनी झाडाची पानं तपकिरी रंगवली म्हणून मास्तरांनी वर्गापुढे उभं केलं होतं. विसाव्या वर्षी रेल्वेच्या भरतीत धावण्यात पहिले आले होते. इगतपुरीला नोकरी लागणार असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. का, ते कुणी नीट सांगितलं नाही. हातात इंग्रजी कागद दिला, तो त्यांनी येताना गाडीतून फेकून दिला आणि घरी सांगितलं की जागाच कमी होत्या. त्या दिवसापासून आपल्या डोळ्यांत काहीतरी खोट आहे आणि ती वाढत वाढत एक दिवस दिसायचंच बंद होईल, ही भीती त्यांच्या मनात बसली. लग्न झालं तसं त्यांनी वाटणी करून टाकली. पाणी, फवारणी, बांबू-तार बांधणं, माल बाजारात नेणं, सगळं त्यांचं. फळाला हात लावायचा तो बायकोने. गावाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता.

डॉक्टरांकडून तेव्हा ऐकलेलं आठवून योगिनीने त्यांना सांगितलं की यात भिण्यासारखं काही नाही, डोळे अधू नाहीत आणि हे वाढतही नाही. काही माणसांना जन्मापासूनच लाल आणि हिरवा हे दोन रंग जवळजवळ सारखे दिसतात. पुरुषांत तर बऱ्याच जणांना.

नाना पायरीवर पुढे सरकले.

"म्हंजे," ते म्हणाले, "माझ्यासारखी आणखी माणसं हायेत?"

"शंभरात दोन-चार तरी असतील, नाना. तुमच्या या बैठकीतही एखादा असेल."

नानांनी सभामंडपाकडे पाहिलं, जणू तो दुसरा कोण हे शोधत होते, आणि त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं.

चहा संपेपर्यंत योगिनीने स्नेहलकडून दहा मिनिटं मागून घेतली. सहाही फळं तिने पुन्हा रंगवली. कच्च्याला गडद निळा, मग निळा, फिकट निळा, तिथून पिवळट, मग नारिंगी, आणि शेवटच्याला गडद नारिंगी. लाल आणि हिरवा दोन्ही काढूनच टाकले. भिंतीवर निळी टमाटी उमटली तशी एकच कुजबुज झाली. एकाने विचारलं, हे वाण कुठल्या कंपनीचं? स्नेहलने सांगितलं, वाण तेच आहे, फक्त रंगाकडे न बघता फळाकडे बघायचं आहे. आणि मग एक वेगळीच गोष्ट झाली. हिरव्या रंगात जी कुणाच्या डोळ्यांत भरली नव्हती ती खूण निळ्यात ठळक उठून आली. पुऱ्या वाढलेल्या कच्च्या फळाच्या बुडाशी फिकट रेघांची एक चांदणी होती. पहिल्या, अगदी कोवळ्या फळाला ती नव्हती. दुसऱ्याला होती. तिसऱ्यात ती पसरून डागासारखी झाली होती. स्नेहल स्वतःच जवळ जाऊन बघत राहिली. पुस्तकात वाचलेलं होतं, पण इतकं स्पष्ट तिनेही पाहिलं नव्हतं. मागून लंकाबाई म्हणाल्या, खरंच की, आमच्या हाताला ते कळतं, पण बघितलं नव्हतं कधी.

स्नेहलने परत तोच प्रश्न विचारला. यावेळी निवृत्तीनाना शेजाऱ्यांकडे न बघता उभे राहिले. भिंतीपर्यंत चालत गेले. तिसऱ्या फळावर हात ठेवून त्यांनी सांगितलं की लांब पाठवायचं तर हे, कारण याची चांदणी फाकली आहे. जवळच्या बाजारात न्यायचं तर पुढची दोन. पहिलं अजून चार-आठ दिवस झाडावर राहू दे. उत्तर बरोबर होतं. कुणी हसलं नाही. खांबापाशी परत येताना नाना तिथे न थांबता पुढे जाऊन पहिल्या रांगेत बसले.

चार दिवसांनी ते नाशकात दुकानावर हजर झाले, आणि बरोबर लंकाबाई. योगिनीने दोघांना त्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं. लंकाबाई भराभर आकडे वाचत होत्या आणि नाना म्हणत होते, कुठं आकडा, मला तर नुसती मटकी दिसतीय. डॉक्टरांनी तपासून योगिनीचंच म्हणणं सांगितलं. औषध नाही, पण बाकी नजर उत्तम आहे, वयाच्या मानाने फारच चांगली. दृष्टी जाण्याची भीती मनातून काढून टाका. पस्तीस वर्षांचं ते ओझं नानांनी दवाखान्याच्या त्या खुर्चीत ठेवून दिलं. बाहेर येऊन त्यांनी रसवंतीत तिघींना, म्हणजे कंपाउंडरबाईंनाही बोलावून, उसाचा रस पाजला.

लंकाबाई मात्र रस पिताना पेल्यातच बघत होत्या. योगिनीला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असावं. पण पेला खाली ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तीस वर्षं मी समजले या माणसाला कामाचा कंटाळा. एकदा सांगितलं असतं तर मी काय टाकून देणार होते का तुम्हाला?" नाना खाली बघत म्हणाले की भ्या वाटायचं. त्यावर लंकाबाईंनी त्यांच्या धोतरावर सांडलेला रस पदराने पुसला आणि विषय तिथेच संपला. म्हणजे योगिनीपुढे तरी संपला. परतीच्या वाटेवर, नानांनी नंतर सांगितलं, गिरणारे येईपर्यंत लंकाबाईंनी तोंडाचा पट्टा चालू ठेवला होता.

त्यानंतर एक नवीनच रिवाज पडला. दर बुधवारी नाना काही ना काही कामाने नाशकात यायचे आणि दुकानात डोकवायचे. योगिनी त्यांच्यापुढे आठवड्याच्या स्लाइड एकेक करून सरकवायची. नाना चहा पीत सांगायचे. या आलेखात दोन रेघा नसून एकच आहे. या नकाशात कोणता तालुका कोणता ते कळत नाही. या बाईंचं लुगडं आणि मागची भिंत एकच झाली आहे. योगिनी तिथल्या तिथे रंग बदलायची, निळ्याकडे किंवा पिवळ्याकडे न्यायची, आणि नाना "आता कळलं" म्हणेपर्यंत थांबायची. आजवर आपण चित्रं एकमेकांना शोभावीत म्हणून रंगवत होतो, ती बघणाऱ्याला दिसावीत हे आपल्या डोक्यातच आलं नाही, याचं तिला नवल वाटे. कामाची गोडी मात्र पूर्वीच्या दुप्पट झाली. सातपूरच्या एका कारखान्याचे मॅनेजर आपली पीपीटी न्यायला आले तेव्हा त्यांच्या लाल-हिरव्या आलेखावर एक टोपीवाले गृहस्थ दोष काढत बसलेले पाहून ते चक्रावले. नानांनी त्यांना शांतपणे समजावलं की तुमच्या नफ्यात आणि तोट्यात मला तरी काही फरक दिसत नाही. मॅनेजर आधी गोंधळले, मग खो खो हसले, आणि जाताना म्हणाले की आमच्याकडे एक इंजिनियर आहेत, ते मीटिंगमध्ये कायम आलेखाबद्दल गप्प असतात, त्यांना आता विचारून बघतो. महेशदादांनी नानांसाठी कॉम्प्युटरजवळ एक स्टूल कायमचं ठेवून दिलं. ठिपक्यांची जुनी गोष्ट सांगणं त्यांनी सोडलं, कारण आता सांगायला याहून चांगली होती.

दिवाळीनंतर लंकाबाईंचा निरोप आला की शेतावर ये, जेवायलाच ये. योगिनी एका रविवारी गेली. टोमॅटोच्या तारांवर फळ लगडलं होतं. नाना सरीत उतरलेले, कमरेला फडकं बांधलेलं. एकेक फळ हातात घेऊन ते उलटं करायचे, बूड बघायचे, अंगठा फिरवायचे, आणि मग ते शेजारच्या क्रेटच्या जाळीत तरी जायचं किंवा झाडावर तरी राहायचं. लंकाबाई पलीकडच्या सरीत तोडत होत्या आणि त्यांचा वेग नानांच्या तिप्पट होता. पण नानांना घाई नव्हती. योगिनीला बघून त्यांनी भरत आलेली प्लॅस्टिकची जाळी तिच्यापुढे ओढली. तिने फळं वर-खाली करून पाहिली. सगळी एका टप्प्यावरची, दुकानात तिने रंगवली असती तितकी सारखी.

लंकाबाई सरी ओलांडून आल्या. त्यांनी जाळीत हात घातला, शोधून शोधून तळातलं एक फळ वर काढलं आणि ते कच्चं असल्याचं जाहीर केलं. नानांनी ते हातात घेऊन उलटं केलं, पाहिलं आणि म्हणाले, नाय, पुरं झालंय. लंकाबाई ऐकेनात. दोघांनी योगिनीकडे पाहिलं. तिलाही रंगावरून ते कोवळंच वाटत होतं, पण तिने बोलायचं टाळलं. शेवटी लंकाबाईंनी कमरेचा विळा काढून फळाचे उभे दोन भाग केले. आतून ते रसाने भरलेलं होतं. पात्याच्या वाटेतून बिया बाजूला सरकल्या होत्या, एकही चिरली गेली नव्हती. कोवळ्या फळात असं होत नाही, हे लंकाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी दोन्ही फोडी निरखून पाहिल्या. मग एक नानांच्या हातावर ठेवली, दुसरी योगिनीच्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग पुढची सरी बी तुम्हीच घ्या."

आणि विळा कमरेला खोचून त्या जेवणाची तयारी बघायला घराकडे निघाल्या. नानांनी आंबट फोड तोंडात टाकली, डोळे मिटले, रिकामी जाळी उचलली आणि पुढच्या सरीत शिरले.